कादंबरी वाचताना ख्रिस्ती वाचकाने पारख कशी करायची

"हे पुस्तक वाचलं तर चालेल का?" असं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी विचारलं की उत्तर बहुतेक वेळा दोनच प्रकारचं मिळतं. एकतर कथा-कादंबऱ्या म्हणजे सगळं खोटं, त्यापेक्षा बायबल वाच, नाहीतर मग अरे गोष्टच तर आहे, गोष्टीने काय होतंय. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं पटत नाही कारण रचलेल्या गोष्टी खुद्द बायबलमध्येच आहेत, आणि दुसरं पटत नाही कारण गोष्ट माणसाला आतून हलवते हे बायबल पक्कं ओळखून आहे. त्यामुळे इथे मी चांगल्या-वाईट पुस्तकांची लिस्ट देणार नाहीये. लिस्ट हातात आली की माणूस स्वतः पारखायचं सोडून देतो, आणि बायबलमधल्या इब्री 5:14 मध्ये तर सांगितलंय की प्रौढ लोकांना चांगलं-वाईट ओळखता येतं ते सरावाने. म्हणजे सराव करावाच लागणार, तो कसा करायचा तेवढं सांगते.

सगळ्यात आधी फिक्शन म्हणजे खोटं बोलणं ही गाठ सोडवा. ती सुटली नाही तर वाचताना सतत अपराधी वाटत राहतं आणि अपराधी मनाने पारख होत नाही. शास्ते 9 मध्ये योथाम झाडांची गोष्ट सांगतो, झाडं राजा शोधायला निघतात, जैतून, अंजीर, द्राक्षवेल सगळे नाही म्हणतात आणि शेवटी काटेरी झुडूप हो म्हणतं. झाडं बोलत नाहीत हे योथामाला माहीत होतं, ऐकणाऱ्यांनाही माहीत होतं, यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. प्रभू येशूने तर लोकसमुदायाला दाखल्यांशिवाय काही सांगितलं नाही असं मार्क 4:34 म्हणतो. उधळ्या मुलाचं गाव कुठलं, त्याच्या बापाचं नाव काय, हे विचारायची आपल्याला कधी गरजच वाटत नाही, कारण त्या गोष्टीतलं सत्य वेगळ्या जागी आहे.

आणि नाथान. 2 शमुवेल 12 परत एकदा सावकाश वाचा, फिक्शन कसं काम करतं ते यापेक्षा चांगलं कुठे कळणार नाही. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको बथशेबा हिला आणलं, उरीयाला मारवलं, सगळं झाकलं, आणि नाथान संदेष्टा येऊन थेट आरोप करत नाही तर एका गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद गोष्टीत गुंततो, श्रीमंत माणसावर संतापतो, त्याला मरणाची शिक्षा व्हायला पाहिजे म्हणतो, आणि मग नाथान म्हणतो "तो मनुष्य तूच आहेस." आरोपासमोर दाविदाने कदाचित ढाल उचलली असती, गोष्टीसमोर ती त्याने आपणहून खाली ठेवली. गोष्टीची ताकद ती हीच. पण ही ताकद फक्त नाथानाच्या हातात नसते ना, कोणाच्याही हातात असू शकते, आणि ज्या दाराने पश्चात्ताप आत येतो त्याच दाराने मोह पण येतो. म्हणून पारख.

सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनाही हा प्रश्न पडलेला होता. प्रेषित पौलाने अथेन्समध्ये "आपण वास्तविक त्याचा वंश आहोत" ही ओळ वापरली (प्रेषितांची कृत्ये 17:28), ती अराटस नावाच्या ग्रीक कवीच्या कवितेत आहे आणि ती कविता झ्यूस या ग्रीक देवाबद्दल आहे! म्हणजे पौलाला ती कविता माहीत होती, त्यातलं खरं काय आणि चुकीच्या देवाला वाहिलेलं काय हे त्याला वेगळं करता येत होतं. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने तरुणांना ग्रीक साहित्य कसं वाचावं यावर एक अख्खं भाषण लिहिलं, त्यात तो मधमाशीचं उदाहरण देतो, ती सगळ्या फुलांवर जात नाही आणि ज्या फुलावर जाते त्यातलंही सगळं उचलत नाही, कामाचं तेवढं घेते. दुसऱ्या बाजूला ऑगस्टीन हा जुन्या काळातला मोठा ख्रिस्ती विचारवंत आहे, त्याने आत्मकथनात लिहिलंय की शाळेत असताना महाकाव्यातल्या डिडो राणीच्या मरणावर तो रडला, पण स्वतः देवापासून दूर मरत चाललो होतो त्यावर एक अश्रू आला नाही. हे वाक्य मला फार लागतं. कथेतल्या माणसासाठी रडणं सोपं असतं आणि रडल्यावर आपण चांगले आहोत असं वाटतं, पण त्या रडण्यातून शेजारच्या माणसापर्यंत काही पोचतंय का हे कोणी बघत नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं.

पुस्तक हातात घ्यायच्या आधी फार काही नाही, दोन-तीन मिनिटांचं काम आहे. पुस्तक कशाबद्दल आहे ते बघा, विश्वासातल्या कोणी वाचलं असेल तर विचारा, रिव्ह्यू चाळा. आणि स्वतःला एक प्रश्न विचारा की मी हे आत्ता का वाचतोय. दमलोय म्हणून, एकटं वाटतंय म्हणून, उत्सुकता आहे म्हणून, की ज्या गोष्टीपासून लांब राहायचं ठरवलं होतं ती या वाटेने मिळेल म्हणून? शेवटचं कारण असेल तर ते मनाला आधीच माहीत असतं, ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज नाही, पुस्तक तिथेच ठेवून द्या. प्रार्थना करून वाचायला बसा असंही मी म्हणेन, लांबलचक नको, प्रभू मला यात जे खरं आहे ते दाखव आणि जे खोटं आहे ते ओळखायला मदत कर, एवढी पुरे.

वाचताना बघायची मुख्य गोष्ट ही की लेखक कोणाच्या बाजूने उभा आहे. पुस्तकात पाप आहे का हा प्रश्न फारसा कामाचा नाही कारण पाप बायबलमध्येही आहे, शास्ते 19 तर इतकं भयानक आहे की मोठ्याने वाचवत नाही. बघायचं ते हे की पाप कसं दाखवलंय. परत दाविदाकडे या, 2 शमुवेल 11. व्यभिचाराला तिथे एक ओवी (वचन) दिलीय, चौथी, तीही एकदम कोरडी. मग बाकीचा अध्याय कशावर खर्च झालाय? उरीयाच्या प्रामाणिकपणावर, तो घरी जाऊन आरामात झोपायला नकार देतो त्यावर, दाविदाच्या डावपेचांवर, आणि त्या पत्रावर जे उरीयाने स्वतःच्याच मरणाचा हुकूम म्हणून स्वतःच्या हाताने नेलं. अध्याय संपतो तो दाविदाने केलं ते परमेश्वराला वाईट वाटलं या वाक्याने, आणि पुढचे कितीतरी अध्याय परिणाम सांगतात, बाळाचं मरण, मुलगी तामार हिच्यावरचा अत्याचार, मुलगा अबशालोम याचं बंड. म्हणजे वर्णन कुठे करायचं आणि कुठे हात आखडायचा हे त्या लेखकाला नीट ठाऊक आहे. उधळ्या मुलाच्या दाखल्यातही बघा, प्रभू फक्त एवढंच सांगतो की त्याने पैसा उधळला, वेश्यांचा उल्लेख थोरल्या भावाच्या तोंडून येतो तोही रागात (लूक 15:30).

तर तुमच्या कादंबरीला हेच विचारायचं. शब्द कशावर खर्च झालेत? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला चेहरा दिलाय की तो नुसता कथा पुढे सरकवायला वापरलाय? फसवणाऱ्याचं कौतुक चाललंय का? चुकीच्या वागण्याची किंमत कोणी मोजतंय का, की शेवटच्या चॅप्टरपर्यंत सगळं आपोआप गोड होऊन जातं? क्षमा केली तर ती खरी क्षमा आहे की काही झालंच नाही असं दाखवलंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी वाचताना मनातून काय व्हावं असं मागतोय. एखाद्या पानावर तुम्हाला कळतं की नवऱ्याने बायकोला सोडून त्या दुसरीकडे जावं असं तुम्हालाच वाटायला लागलंय, लेखकाने ते इतकं सुंदर करून दाखवलंय. तिथे थांबा आणि बघा की हे कसं घडवलं, बायकोला मुद्दाम कंटाळवाणी केलं का, मुलांना कथेतून गायब केलं का. असं एकदा दिसलं की त्या पुस्तकाची पकड सैल होते, आणि पुढच्या पुस्तकात ते तुम्हाला लवकर दिसतं. पुस्तक वाचायचं सोडलंच पाहिजे असं प्रत्येक वेळी नाही, पण झोपेत वाचू नका.

आता सगळ्या गोष्टी एका मापाने मोजू नका हे पण सांगायला हवं. लोक शिव्या मोजतात. शिव्या मला आवडत नाहीत पण एखादं कॅरेक्टर शिव्या देतं म्हणून पुस्तक वाईट आणि एकही शिवी नाही म्हणून चांगलं, असं ठरवलं तर ज्या पुस्तकात गोड भाषेत अहंकार शिकवलाय ते सरळ पास होईल. हिंसेबद्दल वर लिहिलं तेच, मरणाऱ्याची किंमत राखली आहे की मजा म्हणून चाललंय ते बघा. लैंगिक वर्णनाचं मात्र वेगळं आहे असं माझं ठाम मत आहे. खुनाचं वर्णन वाचून सहसा कोणाला खून करावासा वाटत नाही, पण असलं वर्णन वाचताना शरीर आणि मन त्यात स्वतः सामील होतं, कथेतलं चित्र तुमचं स्वतःचं चित्र होतं, आणि मत्तय 5:28 मध्ये प्रभू बोलतो ते नेमक्या याच जागेबद्दल, मनातल्या मनात. त्यामुळे इथे मी काय शिकतोय, लेखकाचा हेतू काय, अशी चर्चा करत बसू नका. एखादं दुसरं पान असेल तर उलटा, पुढे जा, कथेचं काही बिघडत नाही. सगळं पुस्तकच त्यावर चालत असेल तर बंद करा. आणि रोमान्स वाचणाऱ्यांना अजून एक, पानं अगदी स्वच्छ असली तरी चार कादंबऱ्यांनंतर घरातला जोडीदार फिका वाटायला लागला, त्याने न बोलता मनातलं ओळखावं अशी अपेक्षा वाढायला लागली, तर ती पुस्तकं तुमच्यावर काम करतायत हे समजा.

जादू आणि फॅन्टसीवरून मंडळ्यांमध्ये फार वाद होतात. अनुवाद 18:10-12 मध्ये शकुन बघणं, मंत्रतंत्र, मेलेल्यांना विचारणं याला सक्त मनाई आहे, त्यात काही दुमत नाही. पण ती मनाई ते करण्याबद्दल आहे. योथामाची झाडं बोलली म्हणून ती गोष्ट जादूटोण्याची होत नाही, एखाद्या कल्पित जगात प्राणी बोलतात किंवा माणसं उडतात म्हणून ती कथा तुम्हाला भूतविद्येकडे नेतेच असं नाही. इथे विचारायचं ते असं की कथेतली अद्भुत शक्ती कोणाच्या हातात कशासाठी आहे, दुसऱ्यावर हुकूमत गाजवायला की दिलेली जबाबदारी म्हणून, आणि कथा वाचकाला खरोखरचे विधी करून बघायला खुणावतेय का. खुणावत असेल तर तिथून लांब. इफिसमध्ये लोकांनी जादूची पुस्तकं जाळली, किंमत झाली 50,000 चांदीची नाणी (प्रेषितांची कृत्ये 19:19), हे वचन फॅन्टसीच्या विरोधात नेहमी सांगितलं जातं, पण तिथे दोन गोष्टी नीट वाचा. ती जादूचे प्रयोग करणाऱ्यांची पुस्तकं होती, आणि त्यांनी आपापली आणून जाळली. दुसऱ्याच्या घरातली कोणी ओढून आणलेली नाहीत. मात्र जो माणूस स्वतः असल्या गोष्टींतून बाहेर आलाय त्याला जादूची साधी कथा वाचतानाही जुनं सगळं वर येत असेल तर त्याने ती अजिबात वाचू नये, आणि बाकीच्यांनी त्याला घाबरट म्हणू नये.

दुःखी, अंधारी पुस्तकं टाळायलाच पाहिजेत असं मात्र मला वाटत नाही. स्तोत्र 88 उघडून बघा, ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा देणारी एकही ओळ नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. दुःखाबद्दल खरं बोलणारी कादंबरी विलापगीतासारखी वाचता येते. पण दुःख दाखवणं वेगळं आणि जगण्याला काही अर्थच नाही असं पटवत राहणं वेगळं. त्यात तुम्ही स्वतः निराशेतून जात असाल तर असलं पुस्तक आत्ता नको, बरं वाटल्यावर वाचा, किंवा कोणाच्या तरी सोबतीने वाचा.

उलट ज्या पुस्तकांवर ख्रिस्ती असा शिक्का आहे त्यांची पारख आपण करतच नाही, आणि हे मला जास्त काळजीचं वाटतं. तिथे शिव्या नसतात, नको ती वर्णनं नसतात, प्रत्येक चॅप्टरला प्रार्थना असते, पण कथा काय शिकवते? नायिकेने प्रार्थना केली, नोकरी मिळाली, आजार बरा झाला, देखणा विश्वासू नवरा मिळाला. विश्वास न ठेवणारी सगळी कॅरेक्टर्स दुष्ट किंवा मूर्ख. इब्री 11 असं नाही म्हणत, तिथे एकाच अध्यायात विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेतून वाचले आणि विश्वासानेच काही जण तलवारीने मारले गेले (34 आणि 37 ओवी बघा). जी कथा फक्त पहिला अर्धा भाग सांगते ती देवाबद्दल चुकीचं सांगते, मग मुखपृष्ठावर क्रूस असला तरी. फिलिप्पै 4:8 मध्ये शुद्ध हा शब्द आहे तसाच सत्य हाही आहे आणि तो यादीत पहिला आहे.

आता स्वतःची ओळख. "माझ्यावर काही परिणाम होत नाही" हे वाक्य ज्याने मनात म्हटलं त्याने आलीपियाची हकीकत लक्षात ठेवावी. हा ऑगस्टीनचा मित्र, ऑगस्टीननेच लिहून ठेवलंय, मित्रांनी त्याला ओढत ग्लॅडिएटरच्या खेळाला नेलं, तो म्हणाला शरीर न्याल, मन कसं न्याल, आणि तिथे डोळे गच्च मिटून बसला. मग लोकांचा एकदम मोठा आरडाओरडा झाला, त्याने डोळे उघडले, रक्त बघितलं आणि नजर काढताच येईना, पुढे तोच इतरांना घेऊन जायला लागला. प्रत्येकाची पाय घसरायची जागा वेगळी असते. कोणाला हॉररने रात्र-रात्र भीती वाटत राहते, कोणाला सूडाच्या कथा वाचून घरातल्यांवरचा जुना राग परत पेटतो, कोणाला श्रीमंती-चैनीच्या वर्णनाने आपलं आयुष्य नकोसं होतं. दुसऱ्या कोणाला ते पुस्तक चाललं म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. 1 करिंथ 10:23, सर्व गोष्टींची मोकळीक आहे पण सर्व गोष्टी हितकारक असतातच असं नाही.

पुस्तक संपल्यावर लगेच दुसरं उघडू नका, सिरीज असेल तर हे विशेष कठीण जातं कारण लेखकाने शेवट मुद्दाम अर्धवट सोडलेला असतो. एक-दोन दिवस जाऊ द्या आणि बघा मनात काय उरलंय. कुठलं दृश्य सारखं डोक्यात घोळतंय? कोणासारखं व्हावंसं वाटतंय? ज्या प्रकारच्या माणसांकडे आधी लक्ष जात नव्हतं त्यांच्याकडे आता जातंय का, कोणाची माफी मागावीशी वाटतेय का, की कोणाला तरी तुच्छ लेखायला अजून एक कारण मिळालंय? प्रार्थनेला बसताना जड जातंय का? झाडाची ओळख फळावरून हे इथे अगदी शब्दशः लागू होतं. एका पुस्तकावरून काही कळलं नाही तरी पाच-सहा पुस्तकांत एक दिशा दिसते. वेळेचंही बघा, झोप मोडून, कामं टाकून, बायबल न उघडता आठवडे गेले आणि कथा मात्र रोज चालू, तर पुस्तक कितीही चांगलं असलं तरी काही काळ बाजूला ठेवा, एखादा आठवडा अजिबात फिक्शन नाही असं करून बघा. ऑडिओबुक पण यातच धरा. तो आठवडा किती अवघड गेला यावरूनच पकड किती आहे ते कळेल.

आणि अर्धं सोडायला शिका. पैसे दिलेत, इतकं वाचलंय, शेवट काय होतो ते बघायचंय, ही तिन्ही कारणं पुरेशी नाहीत. रोमकरांस पत्र 14:23 म्हणतं जे विश्वासाने नाही ते पाप. म्हणजे मन टोचत असताना ते दाबून वाचत राहणं हेच चुकीचं, मग पुस्तक इतरांच्या मते कितीही निर्दोष असो.

मुलांच्या बाबतीत नुसतं नाही म्हणणं सोपं पण अपुरं. मूल काय वाचतंय ते तुम्ही पण वाचा, निदान थोडं. मग गप्पा मारा, परीक्षा घेतल्यासारखं नाही. यात शूर कोण वाटला? त्याने खोटं बोलून काम केलं ते तुला बरोबर वाटलं का? व्हिलन असा का झाला असेल? देव या गोष्टीत असता तर काय वेगळं झालं असतं? लहान मुलं याची फार छान उत्तरं देतात. दानीएल आणि त्याच्या मित्रांना बाबेलमध्ये खास्दी लोकांचं साहित्य आणि भाषा शिकवली गेली, ते त्यांनी शिकून घेतलं, पण राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं. घेणं आणि नाकारणं दोन्ही त्यांना जमत होतं कारण घरून काहीतरी पक्कं घेऊन आले होते. मुलाला ते पक्कं आधी मिळू द्या, त्याला बायबलमधल्या गोष्टी गोष्टींसारख्या सांगा, पूर्ण रंगवून, तात्पर्याची घाई न करता.

राहिलं मंडळीतलं वागणं. तुम्हाला जे पुस्तक चाललं ते ग्रुपवर सगळ्यांना सुचवताना त्यात काय आहे ते सरळ लिहा, "मधली दोन प्रकरणं हिंसक आहेत", "घटस्फोटाबद्दल आहे, नुकतंच त्यातून गेलेल्यांनी सांभाळून" एवढं पुरतं. एखाद्या भावाची कमजोरी माहीत असेल तर त्याला ते पुस्तक देऊच नका, आणि त्याच्यासमोर त्या पुस्तकाबद्दल रसभरीत बोलू पण नका. आणि तुम्ही जे पुस्तक वाचत नाही ते कोणी वाचताना दिसलं तर त्याच्या विश्वासावर बोलायच्या आधी विचारा की तुला त्यात काय सापडलं, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.